फोटोतली चार बोटं

२ मार्च
...एका हातात घासणी, समोर खरकट्या कढया, आणि मागून सूनबाई म्हणाली, आई, येता का आमच्याबरोबर, सामान लावून नवीन घर लागेपर्यंत? ती सकाळ आज पुन्हा आठवली. भांडी विसळणं, ओटा पुसणं, दूध तापवणं, रोजचंच चाललं होतं. मी हात न धुताच हो म्हटलं. घर लागेपर्यंत म्हणजे कायमचंच की! घर लागून कधी संपतं का? सूनबाई हुशार. सरळ "कायमच्या चला" म्हणाली असती तर मलाच अवघडल्यासारखं झालं असतं.

निघताना माझी तिकडची भाड्याची खोली सोडली. मालकांना किल्ली देऊन टाकली. चिरंजीवांना सांगितलेलं नाही. उगाच वाटायचं, आईने केवढा त्याग केला.

५ मार्च
निश्चय: स्वयंपाकघरात लुडबुड करायची नाही.
सकाळीच मोडला. सूनबाईने डबे कसेही ठेवले होते, मी उंचीप्रमाणे लावले. संध्याकाळी तिने परत तिच्या पद्धतीने लावले. दात आवळून लावत होती, म्हणजे मन लावून. तिला आवड आहे. रोज एकदा हलवून ठेवत जाईन, तेवढाच तिला विरंगुळा.

९ मार्च
या भागाचं एक मासिक आहे. दारात फुकट टाकून जातात. पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत मीच वाचते. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन माझं मी केलं. हे म्हणायचे, हिला पुडी दिली तर ही आतला जिन्नस बाजूला ठेवून कागद वाचत बसेल. आता वाचते ते सांगायला कोणी नाही. असो.

मासिकात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांवर एक पान असतं. पुढच्या अंकात आमचं! घरातलं वडीलधारं माणूस म्हणून मला बोलावं लागणारच. तयारीला लागते.

१३ मार्च
वाक्य तयार. अंधारात दिव्याचं बटण हाताला लागलं की समजावं, घर आपलं झालं.
सूनबाईला ऐकवलं. छान आहे आई, म्हणाली, मोबाइलमधून मान वर न काढता. भारावली असणार.

१७ मार्च
मासिकाची मुलगी आली, सोबत फोटोवाला. चिरंजीव आणि सूनबाई ऑफिसातून यायचे होते. तोवर मीच बोलले. तळ्याकाठचा रस्ता, इथली हवा, शेजारच्या सुताराचा चांगुलपणा, झाडून सगळं. मुलीने काही लिहून घेतलं नाही. मनात साठवत होती. मधूनमधून विचारायची, ते दोघं कधीपर्यंत येतील? आजकालच्या मुलांना धीर कसा तो नाही.

ते आल्यावर फोटो. मी केस नीट करून सोफ्याच्या मधोमध बसले. फोटोवाला म्हणाला, आजी, तेवढा पडदा बाजूला धरता का, उजेड कमी पडतोय. उठून धरला. माझ्या जागी ठमी, माझी नात, दोघांच्या मध्ये. ती ओरडली, आजीला पण घ्या ना! सूनबाई म्हणाली, आजी उजेड देतेय ना राणी, तू हस बघू.
खरंच आहे. मी नसते तर फोटो काळा आला असता.

३ एप्रिल
अंक आला. आहे मी! पडद्याच्या कडेला चार बोटं, अगदी स्पष्ट. लगेच सुताराला दाखवून आले. म्हणाला, काकू, बोटं मात्र हुबेहूब तुमचीच हो!
खाली माझं वाक्य, जाड अक्षरात. सूनबाईच्या नावावर. घरातलं घरात राहिलं, त्याला चोरी म्हणत नाहीत.
बाकी मजकूर आता चष्मा पुसून सावकाश वाचणार.

३ एप्रिल, संध्याकाळ
वाचला. सूनबाईला तळं आवडतं. ठमीला अंगण मिळालं. ऑफिसला चालत जाता येतं. शेवटी चिरंजीव म्हणतात, "सगळ्यात मोठं सुख म्हणजे इथे आमचा तिघांचाच संसार. सध्या आई मदतीला आली आहे. ती परत गेली की ती खोली मुलीला देणार."

हे मासिकवाले लोकांच्या तोंडी वाटेल ते घालतात. जेवताना चिरंजीवांना हसत हसत म्हटलं, अरे, काय काय छापतात बघ! तो हसला नाही. म्हणाला, बरं झालं विषय काढलास, तुझं तिकीट कधीचं काढू? घाई काही नाही. ठमीला सुट्टी लागायच्या आत चालेल? सूनबाईने टीव्हीचा आवाज बारीक केला. माझं उत्तर नीट ऐकू यावं म्हणून. तेवढी कदर आहे तिला. ठमी म्हणाली, आजी, तुझ्या कपाटाला मी गुलाबी रंग देणार आहे.
मी म्हटलं, चालेल की. तिकडे माझी बरीच कामं खोळंबलीत.

४ एप्रिल
सगळे गेल्यावर तिकडच्या मालकांना फोन केला. म्हणाले, वहिनी, उशीर केलात. खोलीत नवरा-बायको आलेत, कडेवर लहान मूल. जागा फार आवडली म्हणतात, आता हलणार नाहीत.
मी म्हटलं, खिडकीची कडी आधी वर ओढायची आणि मग लावायची, तेवढं त्यांना सांगा.
मग भाजी निवडली.