बाझील प्येरचा

ग्रोस-कोक,
मंगळवार, ४ मे २००४

प्रिय आल्सीददादा,

तू आणि रोझवहिनी बरे असाल. लॉब्स्टरचा हंगाम संपायला चार आठवडे राहिले आहेत, त्यामुळे तू दमलेला असशील. हे पत्र पिंजरे ओढून घरी आल्यावर, हात धुऊन वाच. बोटीवर नेऊ नकोस.

मागच्या महिन्यात दुकानात मला पाहून तू रंगाच्या डब्यांकडे वळलास आणि पांढऱ्या रंगाच्या डब्यावरच्या सगळ्या सूचना वाचत उभा राहिलास. मी मिठाची पिशवी परत मांडणीवर ठेवून निघून आले. तुझं मेतेघान इथून वीस किलोमीटर आहे आणि मी तुला टपालाने लिहिते आहे, त्याचं कारण हेच.

आमच्याकडे ठीक आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे. परवा तुझ्याबद्दल म्हणाली, "मेदेच्या पोराला विचार, बारा वर्षं तोंड फिरवून त्याची मान दुखत नाही का?" मी म्हटलं, चूक त्याची नाही. ती बटाटे किसत राहिली.

आता कामाचं. ऑगस्टमध्ये आपल्या तेरियो घराण्याचा मेळावा आहे आणि वंशावळीच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं आहे. पहिल्या आवृत्तीतलं सतरावं पान तुला पाठ असेल. मलाही आहे. "बाझील: आईवडील अज्ञात. हद्दपारीच्या काळात तेरियो कुटुंबाने सांभाळलेला मुलगा." दोन ओळी. त्यांनी तुमची अख्खी शाखा बाहेर काढून ठेवली.

तेव्हा माझ्यापुढे मॅसॅच्युसेट्सची १७५७ची यादी होती. इंग्रजांनी आपल्या लोकांना इथून हाकलून, जहाजांतून नेऊन तिथल्या गावांत वाटून दिलं होतं, त्यांची शिरगणती. त्यात आपला मूळपुरुष प्येर तेरियो, त्याची बायको, थोरला मुलगा आमां, ज्याची आमची शाखा, आणि दोन मुली एका गावात आहेत. पाच वर्षांचा बाझील दुसऱ्याच गावात, एका इंग्रज शेतकऱ्याच्या घरात, एकटा. त्यावरून मी ठरवलं की तो प्येरचा नाही.

फेब्रुवारीत बॉस्टनहून मागवलेल्या जुन्या कागदांच्या फिल्मवर मला एक अर्ज सापडला. त्याच वर्षीचा, प्येरचा. लिहिणारा दुसराच कोणीतरी आहे, खाली प्येरने सहीऐवजी फुली मारली आहे. त्यात म्हटलं आहे की गावच्या अधिकाऱ्यांनी माझा धाकटा मुलगा बाझील घरातून नेऊन शेतकऱ्याकडे कामाला बांधून दिला. तो एका दिवसाच्या चालीवर आहे. त्याची आई त्याला बघायला गेली, तर तिला कुंपणापाशीच थांबवलं. मुलगा परत द्यावा.

म्हणजे ती यादी कोण कोणाचा हे सांगतच नव्हती. कोण कुठे जेवतो, एवढंच सांगत होती. आपली मुलं अशी काढून घेत होते, हे या किनाऱ्यावरच्या कोणालाही ठाऊक आहे. मलाही होतं. अर्जाला उत्तर काय मिळालं ते कागदांत नाही. पण १७७१मध्ये बाझील याच किनाऱ्यावर आमांच्या शेजारची जमीन घेऊन बसला आहे, तेव्हा तो परतला हे नक्की.

नवीन कागद मिळाला, जुनी चूक दुरुस्त झाली. मेळाव्याच्या समितीला मी असंच सांगितलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. हे पत्रही मी इथेच संपवणार होते.

बुधवार, सकाळ

काल पाकीट बंद केलं होतं. आज उघडलं.

दादा, तुझे वडील पुस्तिका छापखान्यात जायच्या आधी माझ्याकडे आले होते, हे तुला त्यांनी सांगितलं होतं का? बहुतेक नसेल. मेदेकाका स्वयंपाकघरात आले, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आणि म्हणाले, "लिहून घे, पोरी. पंधरा ऑगस्टच्या आपल्या सणाला भाजलेली बटाट्याची रापूर कापायच्या आधी म्हणतो ना, तेच. मेदे उर्बांचा, उर्बां सिरियाकचा, सिरियाक मांदेचा, मांदे इलेरचा, इलेर बाझीलचा, बाझील प्येरचा."

मी म्हटलं, "काका, शेवटची कडी कागदात नाही."

"कागदात नाही म्हणजे?"

"पुरावा नाही. नुसतं तोंडी आहे."

ते हसले. "तुझा बाप ओग्युस्तां आहे, हे तुला कोणत्या कागदाने सांगितलं? तुझ्या आईनेच ना?"

मीही हसले आणि त्यांना अजून कॉफी दिली. जाताना ते दारात म्हणाले, "शिकलेली माणसं तुम्ही. बघा बुवा." राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्यांच्यासमोर टेबलावर माझी निळी वही होती. अर्ज मिळाल्यावर मार्चमध्ये मी ती वही माळ्यावरून काढली, जुनी टिपणं ताडून बघायला. त्यात माझ्याच अक्षरात एक नोंद आहे, मेदेकाका यायच्या तीन आठवडे आधीची. १८२४, मांदे आणि आदेल यांचं लग्न. मांदे बाझीलचा नातू, आदेल आमांची नात. पाद्र्याने लग्नासाठी सूट दिली आहे आणि कारण लिहिलं आहे: तिसऱ्या पायरीचं रक्ताचं नातं. म्हणजे दोघांचे पणजोबा एकच. बाझील सांभाळलेला पोर असता, तर सूट कशाला लागली असती?

ही नोंद मी पाहिली होती. उतरवली होती. तिच्यासमोर कंसात लिहिलं होतं: "पाद्र्याने म्हाताऱ्यांना विचारून लिहिलं असणार. तोंडी. सोडून द्यावं."

ही नोंद आपण विसरलो होतो का, हे मी गेले दोन महिने स्वतःला विचारते आहे. कधी वाटतं, विसरले असेन. मग तो कंस आठवतो. विसरणारं माणूस कंस करत नाही. मला त्या वयात काहीतरी शोधून काढायचं होतं. बाझील प्येरचा हे सगळ्यांना माहीत होतं, त्यात माझं काही नव्हतं. बाझील कोणाचाच नाही, हा माझा शोध होता. मेदेकाका समोर बसून नावांची माळ म्हणत होते तेव्हा मी वही मिटून तिच्यावर साखरेचं भांडं ठेवलं. हे मला स्वच्छ आठवतं.

त्या ऑगस्टमध्ये रापूर कापायच्या आधी सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते इलेर बाझीलचा इथपर्यंत आले आणि थांबले. "पुढचं ओदिलला विचारा," म्हणाले. लोक हसले. तू उठून बाहेर गेलास. त्यानंतर त्यांनी माळ कधीच म्हटली नाही, आणि तीन वर्षांनी गेले. थडग्यापाशी तू मला माती टाकू दिली नाहीस. ते बरोबर होतं.

सोबत नव्या सतराव्या पानाचा कच्चा मजकूर आहे. अर्ज आहे, १८२४ची नोंद आहे, आणि ती मी १९९२मध्ये पाहून बाजूला ठेवली होती, हेही माझ्या नावानिशी आहे. समितीला अजून माहीत नाही. ते म्हणतील, कशाला उगाच? एक जूनला पान छापखान्यात जाईल. तू काहीही म्हणालास तरी ते असंच जाईल, म्हणून ही परवानगी मागत नाही. तू दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून वाचावंस, एवढंच.

एक मात्र मागते. पंधरा ऑगस्टला माळ म्हणायला आता तुझ्याशिवाय कोणी नाही. माझ्याकडे ती कागदावर आहे, पण कागदावरून वाचायची ती गोष्ट नव्हे. आलास तर ये. मी त्या वेळी खोलीत नको असेन, तर वहिनींकडून नुसता निरोप पाठव, मी आईबरोबर स्वयंपाकघरात थांबेन. तिथूनही ऐकू येतं.

ओदिल ओग्युस्तांची, ओग्युस्तां फिदेलचा, फिदेल झावियेचा, झाविये रेमीचा, रेमी आन्सेल्मचा, आन्सेल्म आमांचा, आमां प्येरचा,

आणि बाझील प्येरचा.