मोटारीच्या पेटीतली चूक

मी, चांगदेव चिमाजी पोखरकर, वय ७१, धंदा मोटार रिवायंडिंग, राहणार खोडद, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हाताला मात्र कंप आहे, म्हणून मजकूर मंचरच्या पीयूष मुथा यांच्याकडून टाइप करून घेतला आणि स्वतः दोनदा वाचला.

१. आम्हाला मूलबाळ नाही. राहतं घर, मागची दोन गुंठे जागा आणि बँकेतली ठेव पत्नी कुशाबाई हिला मिळावी. शेहेचाळीस वर्षं माझ्या हाताचा वॉर्निशचा वास तिने जेवणाच्या ताटावर सहन केला. तिचे उपकार फिटणारे नाहीत.

२. दुकानातलं वायंडिंग मशीन, मेगर, पक्कडी आणि तांब्याची शिल्लक वायर रत्ना कुंडलिक डोके हिला द्यावी. अकरा वर्षं ती माझ्याबरोबर काम करते. कॉइल भरायला तिचा हात माझ्यापेक्षा सरस आहे. हे तिला तोंडावर कधी बोललो नाही, ते इथे बोलतो.

क्लॅम्प मीटर खालच्या आळीतल्या सुदर्शनने २०११ साली दोन दिवसांसाठी नेला आहे. तो त्यालाच दिला असं समजावं. आता तरी मला पाहून त्याने रस्ता बदलू नये.

३. दुकानात गणपतीशेजारी चार फोटो आहेत. ते आणि पुठ्ठा निघालेलं गणितज्ञांचं पुस्तक अमृतची मुलगी, म्हणजे माझी पुतणी वृषाली हिला मिळावं. ती पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते, तेव्हा हे चौघे तिच्याही घरचेच आहेत.

पुस्तकाची हकिगत अशी. पीयूषचे वडील मदनलालशेठ यांच्या दुकानातून मी वायर घ्यायचो. एकदा वायर रद्दीच्या पानात गुंडाळून आली. पानावर जॉर्ज बूल नावाच्या चांभाराच्या मुलाची माहिती होती. शाळा अर्धवट सुटलेल्या या माणसाने ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचं गणित मांडलं होतं. मी सातवी पास. पण ते वाचताना वाटलं, हे तर मी रोज स्टार्टरमध्ये करतो. दुसऱ्या दिवशी परत मंचरला गेलो. शेठनी गिऱ्हाईक थांबवून सगळी रद्दी उपसली आणि उरलेलं पुस्तक शोधून दिलं. शेठ आता नाहीत. त्यांना माझा नमस्कार.

पहिला फोटो या बूलचा, दुसरा क्लॉड शॅननचा. लहानपणी त्याने मित्राच्या घरापर्यंत कुंपणाच्या काटेरी तारेतून तारयंत्र चालवलं. पुढे त्याने दाखवून दिलं की बूलचं गणित म्हणजेच स्विचची जोडणी. तिसरी एडा लव्हलेस. जे यंत्र कधी पुरं बांधूनच झालं नाही, त्याने हिशेब कसा करावा हे तिने पायरीपायरीने लिहून ठेवलं. चौथा ॲलन ट्युरिंग. यंत्राला काय जमेल हे त्याने सांगितलंच, पण काय कधीच जमणार नाही हेही सिद्ध केलं. स्वतःच्या कामाची हद्द सांगणारा कारागीर मी आमच्या धंद्यात अजून पाहिलेला नाही.

फोटो लावले तेव्हा कुशाबाई म्हणाली होती, “तुमाला देव कमी पडले व्हय?” कमी पडले नव्हते. पण पोट ज्यांच्या विद्येवर भरलं त्यांना हात जोडावेसे वाटले.

४. माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तीही वृषालीला. तिच्यातली जोडणी दुरुस्त करू नये. कारण लिहिताना मला लाज वाटते, तरी लिहितो.

२००४ साली मी धाकटा भाऊ अमृत याच्या विहिरीवर ही पेटी बसवली. आत दोन रिले, म्हणजे आपोआप लागणारे स्विच. एक थ्री फेज आली की लागायचा, दुसरा विहिरीत पाणी असलं की. दोन्ही लागले तरच मोटार चालायला हवी होती. चार महिने ती उत्तम चालली. एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली, लाइट आली, मोटार कोरडी फिरून जळाली आणि अमृतचा दोन एकर कांदा उभा वाळला.

आदल्या दिवशी अमृत विहिरीत उतरला होता. देवळापुढे चारचौघांत मी त्याला म्हणालो, “तू हात लावलास, म्हणून जळाली.”

तो म्हणाला, “म्या निस्ता गाळ काढला, दादा. वायरीला हात लावला न्हाई.”

मी ऐकलं नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

चार वर्षांपूर्वी वृषालीला शॅननची गोष्ट दाखवावी म्हणून मी विहिरीवरून तेव्हाच काढून आणलेली ती पेटी उघडली. दोन्ही रिले एकापुढे एक जोडायचे होते, मी शेजारी शेजारी जोडले होते. ‘आणि’ च्या जागी ‘किंवा’. पाणी असेपर्यंत ते कळणारच नव्हतं. वृषालीला एका नजरेत कळलं. मी झाकण लावलं आणि पेटी माळ्यावर ठेवून दिली. चूक घाईत झाली, पण चार वर्षांचं गप्प बसणं घाईतलं नव्हतं.

अमृत, वायर माझीच चुकली होती. तू खरं बोलत होतास. देवळापुढे बोललो होतो, तेव्हा हे कलम माझ्यामागे देवळापुढेच वाचावं.

५. अमृत चिमाजी पोखरकर याला मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार राहू नये, असा वकिलांचा सल्ला आहे, आणि मला तो साक्षीदार हवा आहे. साक्षीदाराला समोर बसून सही होताना पाहावी लागते. एकवीस वर्षांत तो माझ्या समोर बसलेला नाही.

साक्षीदार दोन लागतात. पीयूष आणि अमृत. तो आला नाही तर दुसरा माणूस शोधू नये. जागा कोरी राहिली आणि कागद रद्द ठरला तरी मला चालेल.

ठिकाण : खोडद
तारीख : १२ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार : चांगदेव चिमाजी पोखरकर (सही)

साक्षीदार
१. पीयूष मदनलाल मुथा, मंचर (सही)

२. अमृत चिमाजी पोखरकर, खोडद (सही)
(शाईने, हाताने लिहिलेलं) समदं वाचलं. दादाचा हात लई कापत व्हता म्हणून म्या कागद धरून ठेवला. सहीला हात लावला न्हाई.