पक्कं करायचं राहिलं

१२ जानेवारी
फोनबाबा, लिही! मला अक्षर येत नाही, तुला माणसं कळत नाहीत — जोडी बरी जमली. बोललेलं लिहून ठेवायची ही सोय माझ्या रुलानीनेच करून दिली होती. लेक गेला, सोय राहिली.

त्याला जाऊन वर्ष उलटलं. आता सुनेचे दुखवट्याचे काळे कपडे उतरवायचे. ते काळं उतरलं की न्येलेटी मोकळी — माहेरी जाईल, दुसरं घर करेल. कोण अडवणार? माझा भाऊ रिसिमाती तारीख विचारतोय. म्हटलं, मरूलाच्या झाडाची फळं पिकू देत. त्याच्या बियरशिवाय का विधी होतो!

३० जानेवारी
मरूला पिकला. अंगणात सडा. यंदा आंबट आहे, बियर नाही जमायची, म्हटलं. न्येलेटीने एक फळ चाखलं. मग दुसरं उचललं.

११ फेब्रुवारी
न्येलेटी प्रिटोरियात विम्याच्या कचेरीत त्या भल्यामोठ्या मशीनवर काम करते. मेनफ्रेम म्हणतात. रुलानीही तिथेच होता. जायच्या आधी त्याने त्यात एक नवा प्रोग्रॅम चढवला होता. चढवतात म्हणजे काय, शिडी लावून? — मी विचारलं. हसली! किती दिवसांनी.

मग सांगितलं. आधी फाइली आत घेऊन ठेवायच्या. मग प्रोग्रॅम बसवायचा, चालवून बघायचा. नडला तर काढता येतो. शेवटी पक्का करायचा — मग नाही निघत.

रुलानीने बसवला, पक्का करायचा राहिला. तसाच चालतोय. साहेब मागे लागलाय, ही करत नाही.

"का गं?"

"पक्का केला की त्याचं काम संपलं, आई. आता कसं, जेवायला उठून गेलाय असं वाटतं."

मी मक्याचा घाटा ढवळत होते. करपला.

२ मार्च
रिसिमाती पुन्हा आला. म्हटलं, गुडघा दुखतोय. "विधीत नाचायचंय का तुला?" म्हणाला. मेला लहानपणापासून तोंडाळ.

१८ मार्च
न्येलेटी लवकर घरी आली. चहा घेतला नाही. कचेरीत दुसरा प्रोग्रॅम आला होता, त्याच्या फाइलींना रुलानीचा आड येत होता. पक्का केलेला नव्हता — साहेबाने सरळ काढून टाकला. एक हुकूम दिला, झालं. पक्का असता तर निघालाच नसता.

"मीच ठेवला ना तसा," एवढंच बोलली आणि काळ्या शालीत तोंड लपवलं. शाल विटून राखाडी झालीय, कडेला उसवलीय. रोज माझ्यासमोर होती. आज दिसली.

१९ मार्च
रिसिमातीला निरोप धाडला. शनिवारी ये. ज्वारीची बियर चालेल.

२२ मार्च
काल काळं उतरवलं, जाळलं. आज न्येलेटी माहेरी गेली. ती पाया पडत होती तेव्हा रिसिमाती कानाशी लागला — घराची किल्ली परत घे. किल्ली तिच्या मुठीत होती. मला दिसत होती.

म्हटलं, हरवली.