चुन्याच्या आतली वाट

॥ श्री ॥
गोखिवरे,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याआजीस,
उन्नतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर काही पाठवलं तर तुझी नात दिपिका आधी स्वतः वाचते आणि तुला सांगताना मधलं गाळते, ही तुझी तक्रार आईकडून कळली. म्हणून कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच पत्र लिहायला बसले आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस.

गासला प्रितेशदादाने आपल्या जुन्या घराचे पत्रे बदलायला काढलेत. माळ्यावरून एक लोखंडी पेटी निघाली. आत उंदरांनी कुरतडलेलं घोंगडं, एक कमरेचा पट्टा आणि एक जाड कागद. खालचा अर्धा कागद वाळवीने खाल्लाय, पण वरच्या अर्ध्यात इंग्रजीत पणजोबांचं नाव आहे: काळूराम, गाव गास, पुढे एक नंबर आणि पलटणीचं नाव. ती इंजिनिअर लोकांची पलटण, ज्यांना सॅपर म्हणतात. तुझे वडील दुसऱ्या महायुद्धात होते आणि ही गोष्ट मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळतेय! घरात कोणी कधी बोललंच नाही. दादाला विचारलं तर म्हणाला, होते म्हणे लढाईत, आल्यावर डोक्यावर परिणाम झाला होता. एवढं बोलून तो पत्रेवाल्याशी भाव करायला निघून गेला.

त्याला आणखी एक प्रश्न पडलाय. खाडीच्या बांधावरच्या आपल्या वाटेवर त्याला सिमेंट घालायचंय. पण वाटेच्या दोन्ही बाजूंना ती चुना लावलेली दगडं आहेत ना, ती देवाची, म्हणून हलवायला भितो. आपण दर अक्षय तृतीयेला त्यांना चुना का लावतो, शेवटच्या दगडापाशी नारळ का फोडतो, हे त्यालाही नीट सांगता येत नाही.

माझी झोप उडाली आहे. पणजोबांना पाहिलेलं माणूस आता तू एकटीच. आठवेल ते सगळं लिही. गुडघ्याला तेल लावतेस ना?

आईचा नमस्कार. पत्राची वाट पाहते, आळस करू नकोस.

तुझी,
उन्नती


॥ श्री ॥
कामण,
२० फेब्रुवारी २०२५

चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद.

अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखं आहे, पण वाचलं. मी सातवी पास आहे, चष्मा लावून सगळं वाचते. आमच्या मागच्या शेतात नवीन गोदाम झालंय, दिवसभर ट्रक मागे येताना बोंबलतात म्हणे. मला काही ऐकू येत नाही. बहिरेपणाचा एवढा तरी फायदा.

तू जी पेटी उघडलीस ती मी आयुष्यभर बंद ठेवली होती. पण विचारलंस तर सांगते. बा छेचाळीस साली लढाईवरून आला. मी अठ्ठेचाळीसची. तेव्हा पहिल्यापासून त्याला मी तसाच पाहिला. हातात काठी घेऊन बांधावर जमीन टोचत टोचत चालायचा. मी चालायला लागले त्या साली त्याने वाटेला दगड मांडले आणि त्यांना चुना लावला. मी जगले म्हणून देवाचा नवस फेडला, असं घरचे सांगायचे. त्या दगडांच्या मधून चालायचं, बाहेर पाय टाकायचा नाय, असा त्याचा दम होता. गावातली पोरं मुद्दाम बाहेर उड्या मारायची आणि बा त्यांच्यामागे ओरडत सुटायचा. सगळा गाव हसायचा.

सहा वर्षांची असेन. बांधाच्या खाली, खाडीच्या अंगाला, एक मोठी चिंबोरी दिसली, नांग्या उगारून बसलेली. मी चुन्याबाहेर उतरले आणि चिखलात बरीच आत गेले. बाने पाहिलं. दुसऱ्याचा बाप असता तर धावत आला असता. हा जागच्या जागी थांब म्हणाला, आणि चिखलात उमटलेल्या माझ्या पावलांवर एकेक पाय ठेवत, सावकाश, घामाने निथळत आला. मला वाटलं खेळतोय, मी टाळ्या पिटल्या. मला उचललं, पुन्हा त्याच पावलांवरून उलटा गेला, बांधावर नीट उभी केली आणि अशी थोबाडीत मारली की कान दोन दिवस वाजत होता. चिंबोरी गेली ती गेलीच.

त्यानंतर मी त्याच्याशी मनापासून कधी बोलले नाही. पुढे उमराळ्याचं चांगलं स्थळ आलं होतं, ते वेड्याची पोर म्हणून मोडलं. तेव्हा मला एवढ्या लांब कामणला दिलं. इथे मी कोणाला काही सांगितलं नाही. लग्न झाल्यापासून चुना लावायला एकदाही गासला गेले नाही. नसेल तुझ्या लक्षात आलं.

तर आता शोधच, पण एक अट आहे. मला गोड करून सांगायचं नाही. माझा बा वेडा होता का, एवढंच मला मरायच्या आत कळू दे. वेडा असेल तर वेडा लिही. मी काही रडणार नाही, माझं रडून झालंय.

गुडघ्याला तेल लावते. तुझ्या आईला आशीर्वाद. लोभ आहेच, अक्षर तेवढं सुधार.

कमळी


॥ श्री ॥
गोखिवरे,
१६ मार्च २०२५

ती. आत्याआजीस,
उन्नतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग कामाला लागले. खडकीला पलटणीच्या कार्यालयात नंबर घालून अर्ज पाठवला होता. उत्तर आलं. ऐंशी वर्षांपूर्वीचा कागद, त्यामुळे एकाच पानाची नक्कल मिळाली, पण नंबर जुळला! भरती १९४२, नंतर इटलीच्या आघाडीवर, १९४६ ला सुटका. वर्तणूक: चांगली. आजाराच्या रकान्यात फक्त हिवताप. आत्याआजी, आपला काळूराम इटलीला जाऊन आला आणि गासमध्ये कोणी त्याला तिथे काय खाल्लंस असंही विचारलं नाही.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर नव्हतं. मग आईने रोनाल्डकाकांचं नाव काढलं. गासचेच, चर्चच्या मागच्या आळीतले. सैन्यात सॅपर होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. आता केळी लावतात आणि सणाच्या मिरवणुकीत बँड वाजवतात. मी त्यांना बांधावर घेऊन गेले. येईपर्यंत त्यांची बडबड चालू होती, बायको ॲनी मासळी कशी खारट करते वगैरे. चुन्याचे दगड दिसले आणि मासळी अर्ध्यातच राहिली. मी सवयीने दगडांच्या बाजूने चालत होते, तर मला हाताला धरून आत घेतलं. मग एका मागे एक असे आम्ही टोकापर्यंत गेलो. तिथे त्यांनी टोपी काढली.

मी विचारलं तर सांगेनात. म्हणाले, म्हातारीला आधी दोन गोष्टी विचार, आणि माझं उत्तर तिच्या तोंडात घालू नकोस. एक, काळूराम काठी जमिनीत सरळ खुपसायचे की तिरकी? दोन, काठीला काही कडक लागलं तर काय करायचे?

मलाही कारण माहीत नाही, शपथेवर सांगते. लवकर लिही, नाहीतर मी रोनाल्डकाकांचं डोकं खाऊन त्यांना वेडं करीन.

तुझी उतावीळ,
उन्नती


॥ श्री ॥
कामण,
२३ मार्च २०२५

चि. उन्नतीस आशीर्वाद.

हा रोनाल्ड कोण मोठा लागून गेला, म्हणे सांगत नाही! त्याच्या बापाला मी ओळखते, सॅमी केळीवाला. त्याच्या तर पोटात काही राहायचं नाही.

तिरकी. काठी नेहमी तिरकी. एकदा मी त्याची नक्कल करत काठी सरळ रोवली, तर हातावर फटका बसला आणि पुन्हा तिरकी धरायला शिकवली. त्याने मला शिकवलेली ही एकच गोष्ट.

कडक लागलं की तिथल्या तिथे पोटावर आडवा व्हायचा. बोटांनी कडेकडेने चिखल काढायचा, वरून कधी नाही. श्वाससुद्धा घेत नसावा. एकदा असाच बराच वेळ पडून होता, आजूबाजूला गाव जमलं. निघाली एक फुटकी घागर. बा ती मांडीवर घेऊन बसला आणि हसता हसता रडायला लागला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी शाळेतून येत होते. मी वाट बदलून दुसऱ्या बांधाने घरी गेले.

हे कशासाठी विचारलंय? ताबडतोब कळव. जेवण गोड लागत नाही.

कमळी


॥ श्री ॥
गोखिवरे,
३० मार्च २०२५

ती. आत्याआजीस,
उन्नतीचा शि. सा. न. वि. वि.

आज पाडवा. पत्र मिळालं तशी आधी गासला गेले आणि रोनाल्डकाकांना वाचून दाखवलं. घागरीपाशी आल्यावर ते उठून परसात गेले. परत येऊन त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, गोड न करता.

लढाईत शत्रू माघारी जाताना जमिनीत सुरुंग पुरून जायचा. शेतात, रस्त्यात, नदीच्या काठाला. वरून काही दिसत नाही. पाय पडला की माणूस जायचा. पुढे जाणाऱ्या पलटणीसाठी वाट मोकळी करायची, हे सॅपरचं काम. हातात टोचायला सळई किंवा संगीन. ती तिरकी घालायची, कारण सुरुंग वरून दाबला की फुटतो. सरळ खुपसली तर संपलं. कडक लागलं की पोटावर पडून बोटांनी कडेची माती काढायची. वाट साफ झाली की दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी अंथरायची आणि मागच्यांना कळवायचं की वाट साफ आहे. मग सैन्य त्या पट्ट्यांच्या मधून एका मागे एक जायचं. पट्टीबाहेर पाय टाकायचा नाही.

आपले दगड ती पट्टी आहे, आत्याआजी. देव नाही, नवस नाही. सत्तरपंच्याहत्तर वर्षं आपण इटलीतल्या एका वाटेला चुना लावतोय आणि तिच्यापुढे नारळ फोडतोय.

तुझी अट लक्षात आहे. वेडा होता का, असं मी काकांना सरळ विचारलं. ते म्हणाले, वेडा माणूस असं बिनचूक काम करत नाही. त्याला भीती होती. डोक्याला माहीत होतं की हे गास आहे, पण पायांना पटत नव्हतं. काकांच्या पायांनाही सुट्टीवर आल्यावर कधी कधी पटायचं नाही म्हणे, आणि ते तर लढाईत गेलेसुद्धा नव्हते, नुसतं शिकले होते. पणजोबांनी तिकडे काय पाहिलं, कोण गमावलं, ते कुठेच लिहिलेलं नाही. ते मी शोधू शकले नाही, त्याची माफी.

चिखलातली तुझी पावलं मात्र मी काकांना सांगितली. ते एवढंच म्हणाले, म्हातारीला ते आपोआप कळेल.

प्रितेशदादाने सिमेंटवाल्याला थांबवलंय. यंदा चुना लावायचा की नाही, नारळ कोणाला फोडायचा, तूच सांग.

तुझी आणि पहिल्यांदाच पणजोबांचीही,
उन्नती


॥ श्री ॥
कामण,
२ मे २०२५

चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद.

महिनाभर उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. लिहायला बसले की चष्मा धुरकट व्हायचा. रडणार नाही असं लिहिलं होतं, ते खोटं झालं.

रोनाल्ड म्हणाला तसं कळलं. बा धावत आला नाही, हेच मी सत्तर वर्षं त्याच्या वेडाचं लक्षण म्हणून धरून बसले होते. पण त्याच्या पायांच्या लेखी तो सगळा चिखल सुरुंगांनी भरलेला होता. पुढचं पाऊल शेवटचं, असं त्याला प्रत्येक पावलाला वाटलं असणार. तरी तो आत आला. मला घेऊन बाहेर गेला, बांधावर उभी केली, आणि मग मारलं. आधी नाही. हात तोपर्यंत आवरून धरला होता त्याने.

दुसरं माझं मलाच सुचलं, ते रोनाल्डलाही सांग. बा छेचाळीसला आला, पण वाटेवर दगड मी चालायला लागल्यावर आले. मधली तीन वर्षं तो एकटाच काठी टोचत चालायचा, गावाला आणि घरच्यांना काही सांगत नव्हता. पोर पायावर उभी राहिली तेव्हा त्याने पट्टी अंथरली. बाकी काही नवस नव्हता. ज्या दगडांपायी माझं स्थळ मोडलं, ते माझ्यासाठी मांडलेले होते.

अक्षय तृतीयेला मी गासला गेले. तुला ऑफिसचं काम निघालं, म्हणून तुला कळवते. दिपिका रिक्षाने घेऊन गेली. या खेपेला तिनेच तुझं पत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. प्रितेशने चुना कालवून ठेवला होता. पहिला दगड मी रंगवला, मग कंबर धरली. रोनाल्ड आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. नारळ फोडला, बाच्या नावाने. प्रितेशला सांगितलंय, सिमेंट खुशाल घाल, दगड हलवायचे नाहीत.

मग दिपिकाचा हात धरून मी बांधाच्या खाली, खाडीच्या अंगाला उतरले. चुन्याबाहेर. चिखल गार होता. एक पाय ठेवला. काही झालं नाही. दुसरा ठेवला. चिंबोऱ्या भराभर बिळात पळाल्या. तिथे उभी राहून मी बाला मोठ्याने सांगितलं की वाट साफ आहे. मला माझाच आवाज ऐकू आला नाही, पण बांधावरची सगळी माणसं गप्प उभी होती, म्हणजे त्यांना ऐकू गेला असावा.

नंतर माझ्याच पावलांवर पाय ठेवत मी परत आत आले.

तुझ्या आईला आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे, पत्रं थांबवू नकोस. अक्षर आता बरं वाटायला लागलंय.

काळूराम सॅपरची मुलगी,
कमळी