माझ्या वाटणीच्या गोळ्या

ताई,

आज प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या बाई माझ्यावर डाफरल्या, "मलेरिया झालेल्या उंदराचं रक्त मागितलं होतं, हे धडधाकट उंदराचं कशाला दिलंस?"

अगं, ते आजारी उंदराचंच होतं! आमचं एकशे बारावं संयुग लागू पडलं. जिन्यात बसून मी एकदाचं हुश्श केलं.

लहानपणी आपल्या दोघींना मलेरिया झाला होता. आई तुझ्या दुधात कोयनेलची गोळी कुस्करायची. माझा ताप उतरल्यावर माझ्या उरलेल्या कडू गोळ्याही मी गुपचूप त्यातच ढकलल्या. त्या जादा कोयनेलने तुझे कान अधू झाले. सगळ्यांनी तापाला बोल लावला आणि मी गप्प बसले. तीस वर्षांनी आज ते ओझं निम्मं उतरलं.

संध्याकाळी फोनवर तू नेहमीसारखं "मोठ्याने बोल" म्हणशील. औषधाचं मी ओरडून सांगेन. पण गोळ्यांचं ओरडून कसं सांगू?

तुझं,
शेंडेफळ