दक्षिणेची वाट

अहो,

मी चांगचौला रुओलानकडे निघाले. लेक तिकडे कळा देत होती आणि तुम्ही दिशा बघायची तबकडी फिरवून सांगितलंत, दुपारपर्यंत दक्षिणेला पाऊल टाकायचं नाही. सकाळभर जीव मुठीत धरून बसले. तुम्ही देवळात गेलात आणि जावयाचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप! आता कुठली दिशा मला अडवतेय? तरी तुमचा मान राहावा म्हणून मागच्या दारानं उत्तरेला पुलापर्यंत जाते, तिथून दक्षिणेची बस धरते.

पेज चुलीवर आहे. आल्यातली कोंबडी बाळंतिणीसाठी नेलीय, शोधत बसू नका.

आणि हो, ड्रॅगनची घटका, सकाळी सात ते नऊ, आज अगदी वाईट म्हणालात ना? नात नेमकी तेव्हाच आलीय. पत्रिका मांडताना त्या घटकेला नावं ठेवलीत, तर गाठ माझ्याशी आहे.