नव्या जिल्ह्यातली माझी खुर्ची

४ मे १९८६, चाकूर
कॉल आला! पर्यावरण अभियंत्याची जागा, १९ तारखेला लातूरला इंटरव्ह्यू. जिल्हा नवा, ऑफिस नवं, खुर्चीसुद्धा नवीच असणार. नोकरी लागल्यात जमा. अप्पा म्हणाले, न्हाई लागली तर गुमान आपल्या कापडदुकानात बसायचं. मी नुसता हसलो. उद्या पहाटेपासून अभ्यास.

५ मे
पहाटे उठलो. टँकर आल्यामुळे सगळी गल्लीच उठली होती. आईनं हातात घागर दिली. तिला समजावलं, मला पाण्याचा अभ्यास करायचाय. ती म्हणाली, आधी पाणी तर आण. आणलं. अर्धं शर्टावर सांडलं. अशा वातावरणात कॉन्सन्ट्रेशन अशक्य. झोपलो.

९ मे
सांडपाणी शुद्धीकरणाचा चॅप्टर फार लांबलचक. पण या दुष्काळात सांडपाणी आहे कुठं? विचारणारच नाहीत. वगळला. अभ्यास एकदम हलका झाला.

१२ मे, नांदेड
कॉलेजचा दोस्त व्यंकटराव इथं ज्युनिअर इंजिनिअर आहे. त्यानं खोटा इंटरव्ह्यू घेतला. म्हणाला, विरूपाक्षा, लई बोलून राहिलास, उत्तर कवा देणार? वरून सांडपाणी वाच म्हणाला. जळतो. मी त्याच्या वर जाणार ना!

१६ मे
टाय आणला. घरात कुणालाच बांधता येईना. नरसिंग टेलर म्हणाला, गाठ शिवूनच देतो. दिली. आता टाय डोक्यातून घालावा लागतो. कान अडकतात.

१८ मे
उजळणी रद्द. मेंदू ताजा हवा.

१९ मे, लातूर
बाकावर मी एकटाच! शिपाई म्हणाला, दुसरं कुणी आलंच न्हाई, साहेब. साहेब म्हणाला!
आत तिघं. पहिलाच प्रश्न, शहराचं सांडपाणी शुद्ध कसं कराल? मी ठाम सांगितलं, सर, दुष्काळात सांडपाणी नसतं. मधले साहेब म्हणाले, आणि पाऊस पडल्यावर? मी म्हटलं, पडू तर द्या. तिघंही हसले. लगेच जा म्हणाले. जास्त विचारायची गरजच वाटली नसणार.

२ जून
लातूरला जाऊन बोर्ड पाहिला. 'योग्य उमेदवार न मिळाल्याने जागा रिक्त.' दोनदा वाचलं. एकट्या माझ्यातूनसुद्धा माझा नंबर लागला नाही.
संध्याकाळी अप्पांना समजावून सांगितलं, जागा रिकामी आहे म्हणजे अजून कुणी घेतलेली नाही. अप्पांनी गल्ल्याशेजारची गादी झटकली. म्हणाले, ही बी रिकामीच हाय.
बसलो.
तात्पुरता.